दोन दिवस आधी

त्या रविवारी माझ्या बायकोनं प्रभुभोजनाचा पेला ओठांना न लावता पुढे दिला.

महिन्याच्या पहिल्या रविवारी पेला बाकाबाकांवरून फिरतो. आमच्या बाकावर आधी मी, मग ती, मग शिवणकाम करणारी आजी. मी घोट घेतला, पेल्याची कड पुसली आणि तिच्या हातात दिला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला, आत बघितलं आणि आजीकडे सरकवला. आजीनं घोट घेतला, पण डोळे माझ्या बायकोवर ठेवून. आयुष्यभर सुईत दोरा ओवलेली बाई, तिच्या नजरेतून काय सुटणार?

मागच्या महिन्यातही तिनं असंच केलं होतं. तेव्हा आमच्या बटणला जाऊन नऊच दिवस झाले होते, म्हणून मी म्हटलं, घशाखाली उतरत नसेल. या वेळी तसं म्हणायला जागा नव्हती. तरी मी विचारलं नाही. न विचारण्यात मी तोवर चांगलाच तयार झालो होतो.

बटण म्हणजे आमची मुलगी. सहा वर्षांची. रांगत होती तेव्हा मांडीवर बसून माझ्या शर्टाची बटणं चावून तोडायची, त्यावरून ते नाव पडलं. एकुलती एक.

उपासना संपल्यावर दारात लोकांनी माझे हात हातात घेतले. पाच आठवडे झाले तरी घेत होते. "धीराचा माणूस," एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "खडक!" हे नाव पाळकसाहेबांनी दिलेलं. मूठमाती दिली त्या दिवशी मी रडलो नाही, तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, की श्रद्धा कशी असते ते या माणसाकडे बघा, खडकासारखी. मी रडलो नाही त्याला श्रद्धा कारण नव्हती. तोंड उघडलं तर भलतंच बाहेर पडेल, म्हणून दातावर दात दाबून उभा होतो. पण लोकांना खडक दिसला, आणि मी तो दिसू दिला.

पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं. त्यांची दोन कामं होती. चर्चच्या आवारातली विहीर आटली होती. उन्हाळा सरायला अजून बरेच दिवस होते आणि आजूबाजूची वीस घरं तिच्यावर अवलंबून होती. गाळ काढून पुरुषभर खोल नेता आली तर बघायची होती. ते माझं कामच आहे. मी विहिरी उपसतो आणि खणतो.

"आणि पुढच्या रविवारी," ते म्हणाले, "तुम्ही दोन शब्द बोला. आशेवर. लोकांना तुमच्याकडून बळ मिळतं."

"मला बोलता येत नाही, साहेब."

"अहो, असं कसं? मागे साक्ष काय सुंदर दिलीत!"

मी हो म्हणालो. नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

सोमवारी सकाळी आम्ही तिघं विहिरीवर गेलो. मी खाली उतरतो. वर रहाटावर बायको आणि तिचा भाऊ. मेव्हण्याच्या अंगात दोन माणसांची ताकद आणि तोंडात चार माणसांची बडबड. त्यानं आधी कंदील पेटवून दोराला बांधला आणि हळूहळू खाली सोडला. तळाची हवा खराब असेल तर ज्योत विझते. ज्योत विझली नाही.

"दाजी, हवा चांगली आहे," तो म्हणाला. "पण सांगून ठेवतो, ही विहीर पाळकसाहेबांच्या प्रवचनासारखी आहे. सगळे म्हणतात खोल आहे, पाणी काही दिसत नाही."

एरवी त्याची बहीण यावर हसली असती आणि पाठीत धपाटा घातला असता. तिनं दोराची गाठ ओढून बघितली, माझ्या काखेतून फास नीट बसलाय का ते बघितलं आणि म्हणाली, "उतरा."

तळाशी गुडघाभर गाळ होता. घट्ट, काळा, सडक्या पानांच्या वासाचा. फावड्यानं तो पाटीत भरायचा, दोराला एक हिसका द्यायचा, की पाटी वर जायची. जाताना तिच्यातून ओघळ गळायचे, मानेवर, डोक्यावर, कधी तोंडात. दुपारपर्यंत माझे फक्त डोळे आणि दात ओळखू येत होते. दुसऱ्या दिवशी गाळ संपला आणि मुरूम लागला. मग पहार. पहार वर उचलायची, सगळ्या अंगानिशी खाली आणायची, मुठीएवढा तुकडा निघायचा. तळहातांचे जुने घट्टे फुटून पुन्हा ओले झाले. मला बरं वाटत होतं. दुखण्याला जागा मिळाली की बरं वाटतं.

पण विहिरीच्या तळाशी माणूस एकटा असतो. हात आपले चालतात आणि डोकं मोकळं सुटतं. मग मला ती साक्ष आठवायची.

बटणला पाच दिवस ताप होता. नर्सबाईंनी गोळ्या दिल्या होत्या. शनिवारी संध्याकाळी घरी प्रार्थना ठेवली, दहा-बारा माणसं आली, आणि रविवारी सकाळी पोरीचं अंग गार लागलं. देवाची स्तुती करावी तेवढी थोडीच होती आणि मी ती घरात बसून केली असती तर काही बिघडलं नसतं. पण मला उभं राहायचं होतं. आमच्यात साक्ष द्यायची रीत आहे. देवानं काही केलं की सगळ्यांसमोर सांगायचं. मी वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या साक्षी ऐकत आलो होतो. कुणाची म्हैस सापडली, कुणाचा मुलगा पास झाला. माझी पाळी कधी आलीच नव्हती.

मी पोरीला बाकावर उभं केलं. म्हणालो, बघा. म्हणालो, दवाखान्याची पायरीही न चढता माझ्या प्रभूनं हिला बरं केलं. नर्सबाईंच्या गोळ्यांचं नावही काढलं नाही. लोक आमेन म्हणाले, तसा मला आणखी जोर चढला. म्हणालो, ज्याचा विश्वास पक्का, त्याला डॉक्टर कशाला? उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. बटण माझी कॉलर धरून उभी होती, पाय लटपटत होते. मध्येच मोठ्यानं म्हणाली, "मला भूक लागलीय," आणि सगळं चर्च हसलं. मीही हसलो.

सोमवारी दुपारनंतर ताप पुन्हा चढला.

बायको म्हणाली, दवाखान्यात नेऊ. दवाखाना सात मैलांवर. रस्ता एकच, चर्चवरून आणि दुकानांच्या ओळीवरून जाणारा. दुकानांपुढच्या ओट्यावर सकाळ-संध्याकाळ आमच्याच मंडळीतली चार माणसं बसलेली असतात. मी पोरीला घोंगडीत गुंडाळून त्यांच्यासमोरून नेतोय आणि ते बघताहेत, एवढंच मला दिसत होतं. काल काय म्हणाला होता आणि आज काय! मी म्हणालो, "उद्या बघू." मंगळवारी म्हणालो, "देव परीक्षा बघतोय. धीर धर." बुधवारी पोर ओळख देईना, तेव्हा बायकोनं तिला स्वतःच उचललं आणि ती दाराबाहेर पडली. मग मी गेलो.

दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टर मला म्हणाले, "दोन दिवस आधी आणायचं होतं हो." ओरडले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले. बायको आत पोरीचे पाय चोळत होती. बाहेर येऊन तिनं विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हणालो, "म्हणाले, आता सगळं देवाच्या हातात."

शुक्रवारी बटण गेली.

तर चर्चच्या विहिरीत उतरून मला तिसरा दिवस. बुधवार. दुपार कलली होती. मी तळाशी पहारीला टेकून दम खात होतो, तेव्हा वर आजीचा आवाज ऐकू आला. पाणी लागलं का बघायला आली होती म्हणे. विहिरीच्या तोंडाशी बोललेला शब्द न् शब्द तळाशी येतो. वरच्या माणसाला ते लक्षात राहत नाही.

"पोरी, एक विचारू?" आजी म्हणाली. "दोन महिने झाले, तू पेला तसाच माझ्याकडे देतेस. हे बरं नव्हे."

रहाट कुरकुरला.

"मनात काही असेल तर बोलावं. दुखणं झाकून ठेवलं की चिघळतं."

"मला तो घ्यायचा अधिकार नाही, आजी."

"म्हणजे?"

"ह्यांनी साक्ष दिली तेव्हा मी शेजारीच होते. सगळ्यांनी मनापासून आमेन म्हटलं. मला मात्र वाटत होतं, पोरीचे हात अजून कढत आहेत, हिला खाली बसवा. तिथूनच सुरुवात झाली. मग सोमवारी ताप चढला, तर माझं आपलं एकच, दवाखाना, दवाखाना. हे म्हणत होते, धीर धर. दोन दिवस म्हणत होते. मी ऐकलं नाही. शेवटी माझ्या हट्टापायी तिला नेलं." तिचा आवाज अगदी सरळ होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "देवानं बरी करून दिलेली पोर मी शंका घेऊन परत केली. ह्यांनी धरून ठेवली होती, मी सोडली. आता कुठल्या तोंडानं पेल्याला ओठ लावू?"

आजी म्हणाली, "होतं असं. एकाचा विश्वास दुसऱ्याच्या शंकेनं वाहून जातो."

"आजी," मेव्हणा म्हणाला, आणि त्याच्या आवाजात थट्टा नव्हती, "तुम्ही तुमच्या सुई-दोऱ्याचं बघा. घरी जा."

मी खाली उभा होतो. अंगावरचा चिखल सुकून कातडी ओढत होता. एक हाक मारली असती तर झालं असतं. तुझं काही चुकलं नाही गं, एवढं तरी. मी पहार उचलली आणि खणायला लागलो. जोरात, म्हणजे वर वाटावं की मी कामात होतो आणि काही ऐकलं नाही.

संध्याकाळी वर आलो तेव्हा तिनं माझ्या हातांवर पाणी ओतलं. मी तिच्याकडे बघितलं नाही. गुरुवारीही बघितलं नाही. स्वतःची समजूत घालायला मला शब्द पटापट सुचत होते. तिला आता सांगून काय होणार? उलट जखमेवरची खपली निघेल. रविवार होऊन जाऊ दे. मेव्हण्यासमोर नको. झाकली मूठ सव्वा लाखाची. असा गुरुवार गेला. शुक्रवारी पहाटे तोंड धुताना माझ्या लक्षात आलं, की आजही दुसरा दिवसच आहे. मी पुन्हा तेच करत होतो. उद्या बघू.

शुक्रवारी पहारींची टोकं बोथट झाली. मेव्हणा त्या खांद्यावर टाकून लोहाराकडे गेला. जाताना बहिणीला म्हणाला, "मी येईपर्यंत दाजींना वर घेऊ नकोस. एकटीला पेलायचे नाहीत. घरचं खाऊन जड झालेत." ती अर्धवट हसली. सहा आठवड्यांत पहिल्यांदा. ते हसू मी खालून ऐकलं आणि माझा उरलासुरला धीर सुटायला लागला. म्हणून लगेच बोललो.

"ऐकतेस का?"

वरच्या उजेडाच्या गोलात तिचं डोकं आलं. चेहरा दिसत नव्हता, नुसता काळा आकार. त्यामुळे सोपं गेलं, हेही कबूल करतो.

"काय? पाटी भरली?"

"पाटी नाही. तू आजीशी बोललीस ते मी ऐकलं."

ती आणखी वाकली.

"ते तसं नाही. तुझ्यामुळे काही झालं नाही. डॉक्टर व्हरांड्यात मला काय म्हणाले ते मी तुला खोटं सांगितलं. ते म्हणाले होते, दोन दिवस आधी आणायचं होतं."

आकार हलला नाही.

"आणि मी धीर धर म्हणत होतो ते विश्वासानं नव्हे. लाजेनं. रविवारी बोलून बसलो होतो ना. ओट्यावरची माणसं बघतील, हसतील, म्हणून नेलं नाही. मला ताप दिसत होता. तुझ्याइतकाच दिसत होता. मी पोरीच्या तापापेक्षा त्या चार माणसांना घाबरलो."

बाजूच्या मुरमातून एक खडा सुटून टपकन पायाशी पडला. मग ती म्हणाली, "कधी म्हणाले?"

"बुधवारी. तू तिचे पाय चोळत होतीस तेव्हा."

वरचा गोल रिकामा झाला. पावलांचा आवाज आला, मग तोही नाही.

विहिरीच्या भिंतीत पायऱ्या आहेत, पण आम्ही तळ खोल नेला होता आणि शेवटची पायरी माझ्या डोक्याच्या वर हातभर राहिली होती. धडपड केली असती तर पोचलो असतो कदाचित. मी केली नाही. मुरमावर बसून राहिलो. ऊन भिंतीवरून सरकत वर निघून गेलं, तळाशी गारवा आला. ती दोर कापून गेली असती तरी मी तक्रार केली नसती, असं मनात आलं; आणि लगेच त्याचीही लाज वाटली, की इथेही मी स्वतःचंच नाटक रचतोय.

मेव्हणा आला तेव्हा तिसरा प्रहर झाला होता. त्यानं वाकून बघितलं. "दाजी? ताई कुठे?"

"गेली."

"तुम्हाला खाली ठेवून? भांडलात?" मग दोर चाचपून म्हणाला, "खुंटीला गाठ मात्र पक्की मारून गेलीय." त्यानं शेजारच्या दोन माणसांना बोलावून मला वर ओढलं. त्यातला एक म्हणाला, "खडक फार जड हो!" मेव्हणा हसला. मी त्याला तिथे काही सांगितलं नाही; पोरीचा मामा तो, तिला खांद्यावर घेऊन हिंडवणारा. घरी निघालो तर दुकानांपुढच्या ओट्यावरून एकानं हाक मारली, "तुमची बायको दवाखान्याच्या रस्त्यानं गेली बघा. एकटीच. चालत. बरं नाही का तिला?"

मी म्हणालो, "बरं आहे."

दिवस मावळायच्या आधी ती परत आली. चौदा मैल चालली होती. मी उंबऱ्यावर बसलो होतो, अंगावर तसाच चिखल. ती माझ्या बाजूनं आत गेली, तांब्याभर पाणी प्यायली आणि भिंतीला टेकून जमिनीवर बसली. चपलेचा अंगठा तुटला होता. तो तिनं चिंधीनं बांधला होता.

"डॉक्टरांना आपलं काही आठवत नव्हतं," ती म्हणाली. "वही काढून बघितलं त्यांनी."

मी उभा राहिलो.

"म्हणाले, दोन दिवस आधी आणली असती तर वाचली असती असं छातीठोक सांगता येत नाही. कदाचित वाचली असती. कदाचित नाही. मग मी त्यांना विचारलं, इथे आणली म्हणून गेली, असं झालं असेल का? ते बघतच राहिले माझ्याकडे. म्हणाले, बाई, दवाखान्यात आणलं म्हणून कुणी मरतं का? त्यांनी मला बसायला खुर्ची दिली."

एवढं बोलून ती रडायला लागली. पोर गेल्यावर ती रडली होती, पण तोंड दाबून, चोरासारखी. आता मोठ्यानं रडली. मी जवळ जायला निघालो तर तिनं हात वर करून मला अडवलं. मी तिथेच थांबलो. शेजारणी दारात आल्या, माझ्याकडे बघून परत गेल्या.

रडणं थांबल्यावर ती म्हणाली, "दोन दिवस मी सोडून देईन एखाद वेळेस. भीती कुणाला वाटत नाही? पण सहा आठवडे तुम्ही माझ्या शेजारी बसून जेवलात. मी पेला पुढे देत होते, तुम्ही बघत होतात. मी काय समजून बसलेय, कधी विचारावंसं वाटलं नाही?"

"नाही विचारलं."

"का?"

"विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं."

तिनं मान हलवली, जणू एवढंच ऐकायचं होतं. मी म्हणालो, "मला मार. काहीतरी कर. मला बरं वाटेल."

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी काहीएक करणार नाही," ती म्हणाली. "आंघोळ करा. घरभर चिखल होतोय."

शनिवारी ती विहिरीवर आली. रहाट ओढला, पाट्या रित्या केल्या, गरजेपुरतं बोलली. मला खाली सोडताना गाठ नेहमीसारखीच दोनदा ओढून बघितली. दुपारी पहारीच्या टोकाशी मुरूम ओला लागला आणि संध्याकाळपर्यंत घोट्याएवढं गढूळ पाणी साचलं. वीस घरांना रोज दोन-दोन हंडे मिळाले असते, जास्त नाही. पाळकसाहेब काठावर येऊन गहिवरले. त्यांना त्यात खूण दिसली. मला फक्त ओला मुरूम दिसला, आणि उद्याचा रविवार.

रविवारी चर्च भरलेलं होतं. ओट्यावरची चारही माणसं पुढच्या बाकांवर होती. पाळकसाहेबांनी माझं नाव पुकारलं; म्हणाले, आता आपले बंधू आशेविषयी बोलतील. मी पुढे गेलो. साक्षीच्या दिवशी जिथे उभा होतो तिथेच उभा राहिलो. त्या दिवशी माझा आवाज न बोलावता आला होता. आज तो शोधावा लागला.

"मी इथे एक साक्ष दिली होती," मी म्हणालो. "ती मी परत घेतो."

पाळकसाहेब हसरे होते, तसेच राहिले. बहुधा त्यांना वाटलं, पुढे काहीतरी चांगलं येणार आहे.

"देवानं केलं ते परत घेत नाही. ताप उतरला होता. पण मी जे बोललो ते देवासाठी नव्हतं. तुम्ही माझ्याकडे बघावं म्हणून होतं. मग ताप पुन्हा आला. तेव्हाही तुम्ही माझ्याकडे बघाल, म्हणून मी तिला दवाखान्यात नेलं नाही. दोन दिवस. डॉक्टर म्हणाले, आधी आणायचं होतं. ते मी लपवलं."

पाळकसाहेब उठले. हळूच म्हणाले, "भाऊ, दुःखात माणूस स्वतःला दोष देतो. आपण प्रार्थना करू या."

"साहेब, अजून संपलं नाही," मी म्हणालो. "माझी बायको पहिल्या दिवसापासून दवाखाना म्हणत होती. तिनं पोरीला स्वतः उचललं. तिचा विश्वास कमी नव्हता. माझी लाज जास्त होती. तिच्याबद्दल कुणी काही बोललं असेल, तर तो दोष माझा आहे. आणि मला खडक म्हणू नका."

आशेविषयी बोलायचं राहूनच गेलं. मला तेवढंच येत होतं. मी माझ्या जागी जाऊन बसलो. कुणी आमेन म्हटलं नाही. म्हणण्यासारखं काही नव्हतंच. कुणीतरी खोकलं. आजी मांडीवरच्या हातांकडे बघत होती. मेव्हणा मागच्या बाकावर होता. तो उठला आणि सरळ दारातून बाहेर गेला.

उपासना संपल्यावर दारात कुणी माझा हात धरला नाही. लोकांनी वाट सोडली, चिखलानं माखलेल्या माणसाला सोडतात तशी. आजी मात्र माझ्या बायकोपाशी थांबली, तिच्या खांद्यावरचा पदर उगाच सारखा केला आणि निघून गेली. मेव्हणा आवाराच्या भिंतीपाशी पाठमोरा उभा होता. मी हाक मारली. तो वळून म्हणाला, "आज नको." दाजी म्हणाला नाही.

घरी जायच्या वाटेवर कबरस्तान लागतं. बायको माझ्यापुढे चार पावलं चालत होती. फाटकापाशी ती थांबली, म्हणून मीही थांबलो. आत बटणची जागा दिसत होती. माती अजून बसली नव्हती.

"पुढच्या महिन्यात मी पेला घेणार," ती म्हणाली. "तुमचं तुम्ही बघा."

"घे."

ती फाटकाच्या गजांना धरून उभी होती. मी बोलू की नको असं करत शेवटी बोललो. तिच्याशिवाय बोलायला मला दुसरं कोण होतं?

"सगळे म्हणतात, ती तिथे भेटेल. पाळकसाहेबही म्हणतात. लोकांना त्यानं धीर येतो. मला त्याचीच भीती वाटते. भेटली आणि तिनं विचारलं तर?"

"विचारणारच," बायको म्हणाली. तिला त्याबद्दल तिळभरही शंका नव्हती. पोर शाळेतून घरी येणार, तशी ती भेटणार होती. "गप्प बसणारी पोर होती का ती?"

"मग मी काय सांगू?"

"मला सांगितलंत ते." तिनं गज सोडले, हातांचा गंज झटकला. मग पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "पण भेटल्या भेटल्या सांगा. या वेळी तरी तिला दोन दिवस थांबवू नका."

मी मान हलवली. ती चालू लागली आणि तिच्यामागे मी. चार पावलांचं अंतर होतं, ते तिनं घरापर्यंत तेवढंच ठेवलं.